ओरिजिनल नको

माझ्याकडे दोनशे अकरा छोट्या रेकॉर्डी आहेत आणि त्यांतलं एकही गाणं ज्याचं त्याने म्हटलेलं नाही.

हे वाक्य मी पाहुण्यांसमोर अभिमानाने टाकतो. मग मुलगा काय करतो असं विचारल्यावर कोणी ‘कविता’ म्हणून सांगितलं की जशी शांतता पसरते, तशी पसरते. पाहुणे समजूतदार असतात. हळूच विचारतात, “म्हणजे लताबाईंचं गाणं, पण लताबाई नाहीत?”

“नाहीत.”

“मग कोण आहे?”

“गिटार.”

“आणि शब्द?”

“शब्द नाहीत.”

पाहुणे चहाचा कप उचलतात. तेवढ्यात आमची ही आतून पोह्यांच्या बशा घेऊन येते आणि त्यांना धीर देते, “दारू-बिरू काही नाही हो. एवढंच आहे.”

या खुळाचं मूळ आमच्या वडिलांच्या काटकसरीत आहे. मी प्राथमिक शाळेत असताना त्यांनी घरात एचएमव्हीचा फिएस्टा प्लेयर आणला. प्लेयर आणल्यावर रेकॉर्ड आणावी लागते हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. मला बोटाला धरून ते गुलमंडीच्या एका दुकानात गेले आणि ‘नागिन’ची रेकॉर्ड मागितली. दुकानदार म्हणाला, गाण्याची संपली, गिटारवर वाजवलेली आहे. “चाल तीच आहे, फक्त बोलत नाही.” न बोलणारी वस्तू घरात आणण्याची संधी वडील सोडणार नव्हते. शिवाय ती स्वस्त होती. आम्ही घेऊन आलो.

शब्दांची उणीव आईने भरून काढली. संध्याकाळी कणीक मळता मळता ती गिटारच्या मागोमाग गाणं म्हणायची. पहिला अंतरा तिला पाठ होता. दुसऱ्या अंतऱ्याला ती पुन्हा पहिलाच म्हणायची. तिसऱ्यालाही तोच. गिटार बिचारी पुढे निघून जायची, आई तिला मागून हाक मारल्यासारखी शब्द टाकत राहायची. आणि दरवेळी साधारण दुसऱ्या ओळीनंतर, सूर न सोडता, म्हणायची, “दूध बघ रे.” ते गाण्यातच आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढे कधीतरी शेजाऱ्यांच्या रेडिओवर मूळ गाणं ऐकलं, तेव्हा माझं प्रामाणिक मत झालं की ही बाई आमच्या आईची नक्कल करते आहे, आणि दूध विसरली आहे.

आता ‘नागिन’च काढलंय म्हणून सांगतो. १९५४ चा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगी ऐकून थेटरात नाग निघाल्याच्या अफवा गावोगाव होत्या. पण ती पुंगी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलीन नावाचं विजेवरचं वाद्य होतं ते, जोडीला रवींची पेटी. म्हणजे गारुड्याची नक्कल विजेच्या पेटीने केली. त्या पेटीची नक्कल गिटारने केली. गिटारची आमच्या आईने. तिकडे खऱ्या गारुड्यांनी पोटापाण्यासाठी सिनेमातली चाल पुंगीवर बसवली. लग्नाच्या बँडवाल्यांनी ती क्लॅरिनेटवर घेतली, आणि आज आपल्याकडे कुठल्याही वरातीत नवरदेवाचा एक तरी काका दातात रुमाल धरून रस्त्यावर आडवा होतो. यात ओरिजिनल कोण, हे मला कोणी सांगावं. नागाला विचारून उपयोग नाही, त्याला कान नसतात.

बाहेरगावच्या माणसाला हे पटवून द्यायला वेळ लागतो. आमच्या शहरात लागू नये. कारण आम्ही ज्याच्या सावलीत वाढलो तो बीबी का मकबरा. पाहुणा आला की त्याला तिथे न्यायचं, त्याने मान वर करून “अगदी ताजसारखा आहे, पण...” म्हणायचं, आणि आपण चप्पल शोधायला लागायचं, असा इथला रिवाज आहे. संभाजीनगरचा माणूस या ‘पण’वर पोसलेला असतो.

खरी गंमत मात्र दारावर आहे. मकबऱ्याच्या मुख्य दाराच्या पितळी पत्र्यावर कोरलेल्या लेखात वास्तुकाराचं नाव आहे अताउल्ला, सोबत हंसपत राय. हा अताउल्ला म्हणजे ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. बापाचं गाजलेलं गाणं पोराला म्हणायला लावलं, तेही निम्म्या वाद्यवृंदात! औरंगजेबाचा हात आखडता. खर्चाचा जो आकडा परंपरेने सांगतात, तो आहे सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. त्या सात आण्यांवर माझा फार जीव आहे. ज्या कारकुनाने ते सात आणे लिहून ठेवले तो माझ्या वडिलांच्या गोत्राचा असणार.

संगमरवर जयपूरकडून आणला. तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने लादलेल्या तीनशेएक गाड्या पाहिल्या, लहानात लहान गाडीला बारा बैल. एवढं करूनही तो पुरला नाही. खाली कमरेपर्यंत संगमरवर, घुमटाला संगमरवर, आणि मधला सगळा अंतरा काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा. मी तिथे गेलो की त्या सांध्याशी उभा राहतो. संगमरवर संपतो आणि गिलावा सुरू होतो ती रेघ बोटाला लागते. ताजमहालाला अशी रेघ नाही. आग्र्याला मी दोनदा गेलो, थक्क झालो, परत आलो. मकबऱ्यात मात्र बसावंसं वाटतं. पैसे संपल्यावर माणूस काय करतो हे तिथे दिसतं, आणि तो विषय माझ्या जास्त ओळखीचा आहे.

वेरूळचं कैलास लेणं तरी वेगळं कुठे आहे? अभ्यासक सांगतात की त्याच्यामागे पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आहे, आणि विरूपाक्षाच्या मागे कांचीचं कैलासनाथ. आणि वेरूळातच जैन लेण्यांत, तीस नंबरला, कैलासाची छोटी आवृत्ती आहे, छोटा कैलास. ती अर्धवट राहिली. नकलेच्या नकलेची नक्कल, आणि तीही पहिल्या अंतऱ्यावर थांबलेली. आईची फार आठवण येते तिथे.

तर रेकॉर्डी. पूर्वी दुसऱ्याने म्हटलेल्या गाण्याला धंद्यात ‘व्हर्जन’ म्हणत, अजूनही म्हणतात. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात पडद्यावरचं गाणं आणि बाजारातली तबकडी एकाच गळ्यातून आलेली असेलच असं नव्हतं. नट पडद्यावर गाई, आणि ग्रामोफोन कंपनी आपल्या पगारी गायकाला बोलावून तीन मिनिटांत तेच पुन्हा म्हणवून घेई. नावांचा तर आनंदच होता. १९४९ च्या ‘महल’मधल्या त्या जगप्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. म्हणजे गायली लता, दिसली मधुबाला, आणि श्रेय गेलं जी कधी जन्मालाच आली नाही तिला.

माझ्या कपाटात सगळ्यात मोठा कप्पा आहे तो वाद्यांचा. वान शिप्ली, हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांची गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन. मास्टर इब्राहिम यांची क्लॅरिनेट जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या लाखेच्या तबकड्यांवर आहे, त्या मी मोजणीत धरत नाही. हिने त्या माळ्यावर ठेवल्या आहेत आणि शिडीही. या मंडळींनी एका पिढीला शब्दांशिवाय गाणी दिली आणि उरलेलं काम घराघरातल्या कणीक मळणाऱ्या बायकांवर सोपवलं. कराओके जपानात निघालं म्हणतात. निघालं असेल. आमच्याकडे ते आधीच मळलं जात होतं.

एक रेकॉर्ड मी विशेष पाहुण्यांनाच ऐकवतो. मोहम्मद रफींची, इंग्रजी. एका बाजूला ‘बहारों फूल बरसाओ’ची चाल, दुसऱ्या बाजूला ‘हम काले हैं तो क्या हुआ’ची, दोन्हींवर इंग्रजी शब्द, हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांचे. रफींनी रफींचीच नक्कल केलेली आहे आणि मूळ रफी थोडे लाजलेले आहेत. नियमात बसते की नाही यावर मी दोन महिने विचार केला. शेवटी भाषेच्या कोट्यातून प्रवेश दिला.

असं खूळ फक्त मलाच आहे असं हिला वाटतं. तिला मी युरोपचं उदाहरण देतो. तिकडे १९५६ पासून देशादेशांत गाण्यांची स्पर्धा भरते, युरोव्हिजन. त्या स्पर्धेतली गाणी दुसऱ्याच कोणी म्हटलेली असतील तर त्यांच्या सात इंची रेकॉर्डी शोधत फिरणारे लोक आहेत. फिनलंडच्या गाण्याची डच नक्कल मिळाली की त्यांचा दसरा. ऐकून ही म्हणाली, “त्यांच्याकडे थंडी असते. घरात बसून करणार काय?”

पण स्पर्धा बघा कशी असते. १९६७ साली व्हिएन्नाला लक्झेंबर्गच्या वतीने व्हिकी लिआंद्रोस नावाची मुलगी निळ्या प्रेमाचं एक गाणं गायली. चौथी आली. चौथ्या नंबरला आपल्याकडे उत्तेजनार्थ म्हणतात आणि स्टीलचा डबा देतात. मग पॉल मोरिया या फ्रेंच माणसाने त्यातले शब्द काढून टाकले, व्हायोलिनं घातली, आणि ते ‘लव्ह इज ब्लू’ पुढच्याच वर्षी अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. गाणाऱ्या मुलीला डबा, न गाणाऱ्याला दिवाळी. त्याच स्पर्धेत १९६८ साली क्लिफ रिचर्ड एका गुणाने हरला. हा आपल्या लखनौचा जन्म. मद्रासचा जन्म असलेला एंगलबर्ट हंपरडिंक २०१२ साली बाकूला ब्रिटनकडून उभा राहिला आणि सव्वीसात पंचविसावा आला. आपली माणसं परदेशात जाऊनही शेवटचा नंबर दुसऱ्यासाठी राखून ठेवतात, हे संस्कार. आणि १९७४ साली ही स्पर्धा जिंकलेल्या अबा मंडळींची ‘मामा मिया’ आपल्या पंचमदांनी १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये घेतली, त्याला स्वीडनमध्ये काय म्हणत असतील ते असो. आपण त्याला पाहुणचार म्हणतो.

इंग्लंडात वूलवर्थच्या दुकानात गाजलेल्या गाण्यांच्या स्वस्त नकला मिळत, एम्बसी नावाच्या शिक्क्याच्या. पुढे तसल्याच बिननावाच्या नकला गाऊन एल्टन जॉनने उमेदवारीच्या दिवसांत घरभाडं भागवलं. आपल्याकडे तर स्पर्धा आणि नक्कल यांचं लग्न फार आधी लागलेलं आहे. १९४१ च्या ‘खजांची’ची गाणी गायची स्पर्धा झाली, ती जिंकली एका परकऱ्या मुलीने, नाव लता मंगेशकर. मर्फी रेडिओच्या स्पर्धेतून १९५७ साली महेंद्र कपूर आले, आणि रफींच्या पठडीतला तो पंजाबी गळा पुढे दादा कोंडक्यांसाठी मराठीत असा काही सुटला की आमच्या गावाकडे बऱ्याच जणांना ते सोलापूरचे वाटायचे.

कॅसेटचा काळ मी घाईने ओलांडतो, कारण कॅसेट मी ठेवत नाही. कायदा असा होता की मूळ गाणं निघून दोन वर्षं झाली की पैसे भरून कोणीही त्याचं व्हर्जन काढावं. टी-सीरिजने या दोन ओळींवर साम्राज्य उभं केलं. २०१२ साली दोन वर्षांची पाच झाली, तोवर मोबाइल आला होता आणि गाणं विकत घ्यायचं असतं हेच लोक विसरले होते.

माझी खरेदी चालते रविवारी, जाफरगेटच्या बाजारात. पाने, पोपटपक्कड, सायकलच्या घंट्या, एका पायाचे बूट, कोणाच्या तरी साठीचा सत्कार झाल्याची ट्रॉफी, आणि त्यात एका गोणपाटावर चाचांची रेकॉर्डी. चाचा रेकॉर्ड उन्हात तिरपी धरतात, एक डोळा मिटतात, आणि ओरखडा दिसला की “पुरानी बारिश है साब, सुनने में मजा आता” म्हणतात. मी घेतो त्यांतल्या बहुतेकींना कव्हर नसतं, किंवा भलत्याच रेकॉर्डीचं असतं. एका कव्हरवर निळ्या शाईत ‘चि. सौ. कां. हिस विवाहप्रसंगी सप्रेम भेट’ एवढंच शिल्लक आहे; पुढचं नाव पाण्याने गेलं. त्या मुलीला लग्नात अकॉर्डियनवर वाजवलेली आठ मिनिटं मिळाली होती. संसार बरा झाला असावा, रेकॉर्ड फारशी झिजलेली नाही.

घरी आणल्यावर तिला साबणाचं कोमट पाणी, मधला कागद कोरडा ठेवून. मग सुती धोतराचं फडकं. मग फिएस्टा. त्याची सुई उड्या मारते म्हणून दांडीवर चिकटपट्टीने एक नाणं बसवलंय, गेंड्याचं चित्र असलेलं चार आण्याचं. सरकारने ते २०११ साली चलनातून काढलं. माझ्याकडे अजून कामावर आहे.

या विद्वत्तेचा बोभाटा झाला आणि मागच्या गणपतीत एका कराओके स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं. ओळख करून दिली ‘ज्येष्ठ संगीत संग्राहक’. हातात गुणपत्रिका. सूर वीस, ताल वीस, सादरीकरण वीस, आणि ‘मूळ गाण्याशी साधर्म्य’ चाळीस. पहिलं बक्षीस पाच लिटरचा कुकर.

एक दंतवैद्य टाय बांधून किशोरकुमार झाले. उत्तम झाले. सिडकोतल्या एक वहिनी हिरवी पैठणी नेसून आशाबाई झाल्या, खोकलासुद्धा आशाबाईंच्या जागेवर. टाळ्या पडल्या. मला झोप येत होती. सगळेच इतके हुबेहूब होते की मूळ गाणं घरी लावून बसलो असतो तर रिक्षाचे पैसे वाचले असते.

मग एक निवृत्त लाइनमन आले. सफारी, खिशाला पेन. रफींचं गाणं. पहिला अंतरा नीट झाला आणि समोरच्या पडद्यावरचे शब्द गायब झाले. मागचं संगीत चालूच होतं. गृहस्थांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं, मग छताकडे, खांबावर चढलेला माणूस तारेकडे बघतो तसं, आणि दुसऱ्या अंतऱ्याला पहिलाच अंतरा म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्यालाही तोच. संगीत पुढे जात होतं, हे मागून येत होते. सभागृहात हशा. माझा चष्मा धुरकटला.

मी त्यांना साधर्म्यात चाळीसपैकी अडतीस दिले.

निकाल फिरला. कुकर लाइनमनकडे गेला. दंतवैद्यांची मंडळी व्यासपीठावर आली. एक कार्यकर्ता गुणपत्रिका माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाला, “सर, अडतीस? साधर्म्य? अहो कोणाशी?”

“आमच्या आईशी,” मी म्हणालो.

यंदा बोलावलं नाही.

परवाच्या रविवारी चाचांकडे एक कव्हर दिसलं. गिटार, ‘नागिन’ची चाल, कव्हरवर ओलीचा डाग. तीच असेल असं नाही. वडिलांची रेकॉर्ड कधीच भंगारात गेली होती. पण दीडशे म्हणाले, मी एकशे वीस दिले. घरी आणली, धुतली, चार आणे ठेवले. सुई टेकली आणि गिटारच्या जागी बाई गायला लागली. कव्हर गिटारचं, आत सिनेमाची रेकॉर्ड. साक्षात लताबाई.

मी तसाच स्कूटर काढून जाफरगेटला. “चाचा, ये तो ओरिजिनल निकली.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या पानेवाल्याकडे. “असली निकली तो मैं क्या करूं साब? दस रुपे ऊपर दूं?” पानेवाला म्हणाला, “रख लो साब, कभी-कभी होता ऐसा.”

परत आणली. संध्याकाळी, आणलीच आहे तर, म्हणून लावली. ही आतून हात पुसत बाहेर आली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्लेयरसमोर खुर्ची ओढून बसली. “किती छान आहे हो. हे असलं का नाही आणत?” मी काही बोललो नाही. लताबाई गात होत्या, एकही चूक नव्हती, पहिली ओळ झाली, दुसरी ओळ झाली, आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, “दूध बघ रे.”

ही दचकून उठली, आत गेली, बघून आली.

“गॅसवर काहीच नाही,” ती म्हणाली.